दोन मजल्यांमधली दाढ

सोमवार, ४ मार्च

मूर्ख! दोघेही शुद्ध मूर्ख!

सकाळी वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "आजी, दाढेचं मूळ ठणठणीत आहे. हा हिरडीचा प्रश्न." दुपारी तळमजल्यावरची म्हणाली, "मावशी, हिरडी छान आहे. हा मुळाचा प्रश्न." म्हणजे डावीकडे खाली, शेवटच्या दाढेपाशी जो फोड आलाय, बोट टेकवलं की ज्यातून पू येतो, तो कोणाचाच नाही. बेवारस!

आणि मी कोणाची आजी? कोणाची मावशी? 'बाई' म्हणायला यांची जीभ झडते?

फोड दुखतसुद्धा नाही. एरवी मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि ती बदलणारा सर्जन अडून बसलाय. "तोंडात पू असताना मी छाती उघडणार नाही. तोंडातले जंतू रक्तातून जातात आणि नव्या झडपेवर ठाण मांडतात. मुळाचा आणि हिरडीचा, दोन्ही डॉक्टरांचा होकार आणा. दात ठेवा नाहीतर काढा, ते त्यांनी ठरवायचं. पण लवकर. तुमची झडप फार दिवस वाट बघणार नाही." एवढं बोलला. एक शब्द जास्त नाही. या झडपवाल्याला मी मूर्खांत धरत नाही. अजून तरी.

मंगळवार, ५ मार्च

नावं ठेवून झाली. वरचा तो मूळपुरुष. खालची ती हिरडीबाई.

धाकट्या बहिणीला सांगितलं तर ती हसून हसून खोकायला लागली आणि तिची कवळी सुटली. धाकटी माझ्याकडे राहायला आल्यापासून ती कवळी रोज बाथरूमच्या फळीवर, पेल्यातल्या पाण्यात माझ्याकडे बघून हसत असते. मी तोंड धुवायला जाते आणि समोर ते! मला माझे दात हवेत. माझ्याच तोंडात.

"ताई, काढून टाक ना ती दाढ. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांत निघते म्हणून काढायची? मग तुझी जीभ आधी काढू. तिला दोन मिनिटं पुरतील."

"माझी जीभ माझ्या ऑपरेशनच्या आड येत नाहीये," म्हणाली.

फार बोलते.

शुक्रवार, ८ मार्च

पुन्हा दोन्ही दारं झिजवली. एकच इमारत, एकच जिना. लिफ्ट आहे, पण ती मनात येईल तेव्हा येते. हा दुसऱ्या मजल्यावर, ती तळमजल्यावर. दोघांत मी. म्हणजे माझी दाढ.

मूळपुरुषाची पद्धत बघण्यासारखी आहे. एरवी काम करताना तो तोंडावर रबराचा एक पडदा ताणतो. पडद्याला एक भोक. भोकातून एकच दात वर काढतो आणि बाकीचं सगळं तोंड झाकून टाकतो. मग डोळ्याला दुर्बीण लावून त्या एका दाताच्या आत उतरतो. जिभेचं काय झालं, गालाचं काय झालं, त्या दाताखाली कोण बाई आहे — काही देणंघेणं नाही. आज पडदा नव्हता तरी नजर तशीच, भोकातून बघितल्यासारखी. शेवटच्या दाढेला बर्फासारखा बोळा टेकवला. "गार लागलं की हात वर करा, आजी." माझा हात झटकन वर गेला. कॉन्व्हेंटची सवय, उत्तर येत असेल तर हात कोपरापासून सरळ. "बघा! नस जिवंत आहे. जिवंत दाताच्या मुळाशी पू होत नाही. हिरडीवाल्या मॅडमना दाखवा." मॅडमना सोमवारीच दाखवलं, म्हटलं. "मग नीट दाखवा."

नीट दाखवा! जसं काही मी सोमवारी त्यांना कोपर दाखवून आले.

हिरडीबाई नेमकी उलटी. तिच्या लेखी दात म्हणजे कुंपणाचे खांब. तिला बघायची असते ती खालची माती. बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घालते आणि आकडे पुकारते. शेजारची नर्स ते टिपून घेते. "तीन. दोन. तीन." लिलाव चाललाय जसा. "मावशी, कुठेही खोल जात नाही. इथली हिरडी मी स्वतः दोन वर्षांपूर्वी साफ केली होती, आठवतंय? माझं काम आहे ते. घट्ट आहे. हिरडीत खड्डाच नाही तर पू हिरडीचा कसा? मुळाचाच."

दोघांचंही बोलणं ऐकताना पटतं. हीच तर चीड येते! तो म्हणतो मूळ जिवंत, म्हणून हिरडी. ती म्हणते हिरडी घट्ट, म्हणून मूळ. आणि फोड आपला मध्ये बसून पाझरतोय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे दोन घरची रोगीण!

शनिवार, ९ मार्च

रविवारसाठी भाजी आणली. आमच्या घरच्या जिन्यात दोनदा थांबावं लागलं. धाकटीला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, गप्पा मारत बसले.

सोमवार, ११ मार्च

आज मूळपुरुषाला विचारलं, "तुम्ही एकदा खाली जाऊन त्यांच्याशी बोलत का नाही?"

"बोलतो ना, आजी. पत्र पाठवतो."

पत्र! आदरणीय मॅडम, रुग्णास तपासून आपले मत कळवावे. बंद पाकीट, आणि पोस्टमन मी. खालून उत्तर येतं. आदरणीय सर, रुग्णास तपासून आपले मत कळवावे. आदर एवढा की दाढेला जागा उरली नाही.

माझं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजात गेलं. शेवटी शेवटी सुपरवायझर होते. हाताखालच्या मुलींना एकच गोष्ट शिकवली. तुम्ही निरोप सांगायचा नाही, माणूस जोडून द्यायचा. निरोप सांगणारीच्या डोक्यात निरोप नासतो. हे दोघे इतकी पुस्तकं वाचून आले, आणि यांच्यात साधी एक लाइन नाही.

मूळपुरुषाच्या भिंतीवर त्याच्या सगळ्या पदव्या टांगल्यात. मधोमध एका दाताचं मोठं चित्र, कापलेलं, आत लाल-निळ्या रेषा. त्या चित्रात हिरडी नाहीच. दात हवेत तरंगतोय. खाली हिरडीबाईच्या भिंतीवर गुलाबी हिरड्यांची रांग, दात नुसते पांढरे ठोकळे. एकमेकांची चित्रं शेजारी लावली असती तर एक अख्खं तोंड झालं असतं.

गुरुवार, १४ मार्च

झडपवाल्याच्या ऑफिसातून फोन. काय झालं? म्हटलं, दाढेचं चाललंय.

धाकटी कानोसा घेत होतीच. "चाललंय म्हणजे कुठे चाललंय?"

"दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर."

मंगळवार, १९ मार्च

आता नवीनच! इतके दिवस दोघे दाढ एकमेकांच्या गळ्यात मारत होते. आज मी जरा आवाज चढवला तर दोघांनाही दाढेचं प्रेम आलं.

मूळपुरुष: "असं करू, आजी, शंका नको. त्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनॉल करूनच टाकू."

"नस जिवंत आहे म्हणालात ना?"

"हो. पण करून टाकलं म्हणजे प्रश्नच मिटला."

जिवंत माणसाला पुरून टाकलं म्हणजे त्याच्या आजाराचा प्रश्नच मिटला, तसं.

मग म्हटलं, त्या फोडाच्या पुढची, टोपी घातलेली दाढ तर नाही ना? तिचं रूट कॅनॉल तुम्हीच केलंय. तो हसला. हसताना छाती पुढे आली. "ती माझी आहे. तिला काही व्हायचं नाही. तुम्ही शंभर वर्षं जगलात तरी ती तशीच राहील." एक्स-रेसुद्धा तिच्यापाशी येऊन थांबवला. कडेला जेवढी दिसली तेवढी.

खाली हिरडीबाई: "मावशी, तसं असेल तर मी हिरडी उघडून बघते. छोटासा छेद. आत काय आहे ते कळेल."

"हिरडी घट्ट आहे म्हणालात ना?"

"हो, पण बघितलं म्हणजे समाधान."

कोणाचं?

हातात हातोडा असला की माणसाला सगळीकडे खिळे दिसतात, हे ऐकून होते. या दोघांना आधी खिळा दिसत नव्हता. मी ओरडले तेव्हा दोघांनीही हातोडा उचलला आणि डोळे मिटले.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्याकडे जा. आपला कोपऱ्यावरचा साधा दातवाला काढून टाकेल. उद्या."

"उद्या मला बँकेत काम आहे."

"परवा?"

"काय सारखी काढ-काढ लावलीस! दात आहे तो, जुनं कॅलेंडर नाही."

"ताई, तू जिना चढून आलीस की ओठ निळे पडतात," म्हणाली. आणि आत निघून गेली.

आरशात बघितलं. लाइट पिवळा आहे आमच्याकडे. त्यात काही कळत नाही.

शनिवार, २३ मार्च

हिरडी उघडायला गुरुवारची वेळ घेतली. उद्याचीही जागा होती, पण रविवारी कोणी छेद देतं का! चांगल्या घरच्या बाईने रविवारी शांत बसावं.

गुरुवार, २८ मार्च

आज झालं ते सगळं लिहायचंच. हात दुखला तरी.

हिरडीबाईच्या खुर्चीत आडवी. छातीवर निळा कागद, तोंडावर दिवा, नर्स सुई भरतेय. तेवढ्यात मला काय वाटलं कोण जाणे. म्हटलं, "थांबा. वरच्यांनी काय बघितलं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"त्यांचं पत्र वाचलंय, मावशी."

"पत्रात तुमचा आदर आहे. माझी दाढ नाही. फोन लावा."

"आत्ता?"

"नाहीतर मी लावते." आणि पर्समधून माझा फोन काढून लावलासुद्धा, आडव्या आडव्या. वरच्या काउंटरवरची बाई नेहमीसारखी म्हणाली, सर पेशंटमध्ये आहेत. म्हटलं, "पेशंट त्यांच्या खालच्या मजल्यावर सुईखाली आहे. जोडून द्या." एक्स्चेंजातला आवाज लावला. तो आवाज ऐकला की भल्याभल्यांचे हात आपोआप बटणाकडे जातात. जोडला! मी फोन स्पीकरवर करून निळ्या कागदावर, पोटावर ठेवला. आणि म्हटलं, "बोला. दोन्ही पार्ट्या लाइनवर आहेत."

आधी नमस्कार-चमत्कार. सर, मॅडम, सर, मॅडम. मग हिरडीबाई म्हणाली, "सर, फोडातून काडी घालून एक्स-रे काढलात तेव्हा काडी कुठे गेली होती?"

वर खुर्ची सरकली.

"काडी मी नाही घातली, मॅडम. मला वाटलं, फोड हिरडीवर आहे, तुम्ही घातली असेल."

"मला वाटलं, एक्स-रेचं आहे, तुम्ही घातली असेल."

काडीची गोष्ट मग मला समजावण्यात आली. पू जिथून बाहेर येतो तिथेच तो तयार होतो असं नाही. फोडाच्या तोंडातून रबराची एक बारीक, मऊ काडी आत सरकवायची. ती पुवाच्या वाटेने सरकत उगमापर्यंत जाते. मग एक्स-रे. काडी चित्रात पांढरी दिसते आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवते. दोन मिनिटांचं काम. दोघांनाही येतं. महिनाभर दोघांपैकी एकानेही केलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, ते दुसऱ्याचं काम आहे!

मी निजूनच म्हटलं, "आणि मला मघाशी सुई कशाची टोचत होतात?"

मूळपुरुष खाली आला. स्वतः. काउंटरवरची बाई मागाहून सांगत होती, सर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तळमजल्यावर थांबले, एरवी सरळ गाडीकडे जातात. मग तो एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, दोन डोकी माझ्या तोंडावर. एकमेकांना लागू नयेत म्हणून दोघेही अवघडलेले. हिने काडी सरकवली. दुखलं नाही. त्याने एक्स-रे धरला. या वेळी हिने सांगितलं, "सर, जरा पुढे घ्या, अख्खी पुढची दाढ येऊ दे."

चित्र पडद्यावर आलं. मी मान वळवून बघितलं, मला कोणी नको म्हटलं नाही. पांढरी काडी फोडातून आत शिरली होती. शेवटच्या दाढेला तिने ओळखही दाखवली नाही. वळसा घालून ती गेली सरळ पुढच्या दाढेच्या मुळाशी. टोपीवाल्या. शंभर वर्षांच्या!

चोर सोडून संन्याशाला फाशी! एक जण त्या संन्याशाची नस मारायला निघाला होता, दुसरी त्याची माती उकरायला. आणि चोर शेजारी टोपी घालून बसलेला. मूळपुरुषाने चोराकडे बघितलं नाही, कारण ते त्याचं स्वतःचं काम. तिने तर टोपी दिसली की तिकडे बघायचंच सोडलं, रूट कॅनॉल झालंय ना, सरांनी केलंय ना. आपला तो बाब्या!

माझ्या ओठावर बरंच काही आलं होतं. पण तोंडात काडी होती.

मूळपुरुषाने पडद्यावरच्या त्या मुळावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मुळातली एक नळी माझ्याकडून साफ करायची राहून गेली असणार. दाढेत तीन धरल्या, चौथी होती. माझी चूक आहे ही." एवढंच. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगायच्या, माफीत 'पण' आला की ती माफी नाही, तक्रार आहे. त्याच्या माफीत 'पण' नव्हता. हे लिहून ठेवते, कारण मी अन्यायी नाही.

आणि निघताना 'बाई' म्हणाला.

शुक्रवार, २९ मार्च

धाकटीला सगळं सांगितलं. काडीपर्यंत आल्यावर ती जेवायची थांबली.

"म्हणजे मी काढायला सांगत होते ती चुकीचीच दाढ?"

"अगदी."

"अगं बाई!" म्हणाली. मग थोड्या वेळाने: "तू एरवी कधी माझं ऐकत नाहीस ते एक बरं आहे."

जेवण छान लागलं आज. डाव्या बाजूने चावलं.

मंगळवार, २ एप्रिल

टोपी काढली. रबराचा पडदा, भोक, दुर्बीण, सगळा थाट. या वेळी मूळपुरुषाने पडदा लावण्याआधी अख्खं तोंड बघितलं. सुधारतोय. अर्ध्या-पाऊण तासाने दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "सापडली!" चौथी नळी. एवढी बारीक की त्यात केस जायचा नाही, आणि तिच्या पोटात इतक्या वर्षांची घाण. साफ केलं, औषध भरलं, वर तात्पुरतं झाकण.

मधेच दार ढकलून हिरडीबाई डोकावली. "सर, मिळाली का?" मिळाली म्हटल्यावर तिने चक्क टाळी वाजवली. माझ्या तोंडात चौथी नळी सापडली आणि आनंद तिला! मग दोघे माझ्या डोक्यावरून बोलत राहिले. तू आधी नळी भर, मी हिरडीला हात लावत नाही, आधी मूळ बरं होऊ दे, मग हिरडी आपोआप भरेल, नाही भरली तर मग मी बघते. सर आणि मॅडम कधी गेले आणि 'तू' कधी आला, मला कळलंही नाही. दोघे एकाच कॉलेजात मागेपुढे होते म्हणे! हे आज कळलं. दोघांनाही आजच.

आधी मूळ, मग हिरडी. हे चार शब्द महिन्याभरापूर्वी मिळाले असते तर? पण कोणाला विचारू?

शुक्रवार, ५ एप्रिल

फोड लहान झालाय. दाबला तर काही येत नाही. इतक्या लवकर सुकेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, ८ एप्रिल

फोड नाही.

हिरडीवर बोट फिरवत बसले. गुळगुळीत.

"गेला ना?" धाकटी दारातून.

"कोण?"

"कोण काय, फोड!"

"बघू. असे फोड परत येतात."

"बरं," म्हणाली. या 'बरं'चा मला राग येतो. लहानपणापासून येतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

मूळपुरुषाने नळ्या कायमच्या भरल्या. हिरडीबाईने वर येऊन सळई घातली. तीन, दोन, दोन. लिलाव संपला. दोघांनी मिळून एकच कागद केला, खाली दोन सह्या. तोंडात जंतुसंसर्ग नाही, ऑपरेशनला आमची हरकत नाही. लिफ्टपर्यंत सोडायला आले, दोन्ही बाजूंना एकेक, लग्नघरातल्या नवरीसारखं. हिरडीबाई म्हणाली, "बाई, आता बिनधास्त जा." मूळपुरुष म्हणाला, "झडपवाल्या डॉक्टरांना मी स्वतःच फोन करून सांगतो. निरोप नको."

शिकवलं कोणी? मी!

यांना फोन करायला शिकवायचं मला काय नडलं होतं.

बुधवार, १७ एप्रिल

झडपवाल्याचा स्वतःचा फोन. दोघांचा होकार पोचला, उत्तम झालं, सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी सकाळी ऑपरेशन.

धाकटी समोरच उभी होती. मी म्हटलं, सोमवारी जमेलसं वाटत नाही, डॉक्टर. कालपासून उजवीकडे वरची एक दाढ ठणकायला लागली आहे.

उजवीकडे वर काहीही ठणकत नाही.